टाकीची स्ट्रेंथ : बारा

६ जानेवारी, सकाळी ७.४०
माया सांगलीला गेली. आमच्या उदयसिंहला मुलगी झाली, सूनबाई सोनमला मदत पाहिजे. विहीणबाई तिथेच आहेत, पण त्यांचे गुडघे काम देत नाहीत. मुक्काम सवा महिना. उंब्रजच्या स्टँडवर एसटीत चढताना मला म्हणाली, "आवं, सोताला तेवढं जगवा, म्हंजी झालं."
अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलेल्या सुभेदाराला हे वाक्य! स्वतःला जगवायला काय लागतं?

९ जानेवारी
दुपारी भात करपला. करपलेला भात पचायला हलका असतो.
घर शांत आहे. छान वाटतं. टीव्ही मोठ्याने लावून ठेवला आहे.

११ जानेवारी
निर्णय झाला. फिश टँक. एक जीव नाही, बारा जीव जगवून दाखवणार. म्हणजे मायाला कळेल की घर माझ्यावर सोडून बिनघोर राहता येतं.

१२ जानेवारी, रविवार
कराडला जाऊन दोन फुटी टाकी आणली. दुकान चालवणारी मुलगी शिवांजली. झूलॉजी शिकलेली, पण बोलते फार. म्हणाली, "काका, आज फक्त टाकी न्या. पाणी भरून फिल्टर तीन-चार आठवडे नुसता चालू द्या. पाणी तयार झालं की चार-पाच मासे सोडा. पहिल्यांदा ठेवताय, तर प्लॅटी, मॉली, झेब्रा घ्या, नाहीतर गप्पी. रंगही आहेत आणि काटकही आहेत."
गप्पी! डास खायला आरोग्यखात्याची माणसं फुकटात गटारात सोडतात तो मासा. मी दिवाणखान्यात ठेवू?
आणि नुसत्या पाण्याकडे महिनाभर बघत बसायचं?
आणले ते असे : टायगर बार्ब चार (अंगावर पट्टे, चालण्यात रुबाब), एंजल दोन, गोल्डफिश तीन, निऑन दोन, फायटर एक. एकूण स्ट्रेंथ बारा. शिवांजली म्हणे, गोल्डफिशला गार पाणी लागतं आणि बाकीच्यांना कोमट, शिवाय बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. मी सांगितलं, माझ्या हाताखाली मद्रासी, शीख, गढवाली एकत्र राहिलेत.
हीटर घेतला नाही. मी लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेत.
फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. आता दर रविवारी टाकणार. मायाने अंगठा पाठवला.

१४ जानेवारी
रोज पहाटे टाकी पूर्ण रिकामी, काचा आणि खडे घासून लख्ख, नवीन पाणी. आज नळाला टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास जास्त होता. म्हणजे पाणी जास्त शुद्ध.

१५ जानेवारी
निऑन दोन्ही गैरहजर. एंजलचं पोट भरल्यासारखं दिसतं. चौकशी चालू.

१६ जानेवारी
गोल्डफिश एक शहीद. आज जेवण वाढवलं, दिवसातून पाच वेळा. अशक्तपणा असणार.

१७ जानेवारी
गोल्डफिश उरलेले दोनही शहीद. जेवण वाढवलं होतं तरी.
दुपारी जोतीराम आला. शाळेपासूनचा मित्र, पण बोलायचं भान नाही. काचेला नाक लावून म्हणाला, "गड्या, ह्यो फायटर पवतोय का नुसता तरंगतोय?"
मी म्हणालो, विश्रांती घेतोय.
जोतीराम म्हणाला, "लय गाढ हाय रं विश्रांती."

१८ जानेवारी
कराडला जाऊन भरती केली. स्ट्रेंथ पुन्हा बारा. उद्या रविवार, फोटो आहे.

२६ जानेवारी, रविवार
गेल्या आठवड्यात दोनदा भरती. झेंडावंदन करून आलो, फोटो टाकला. बारा. एंजलच्या शेपट्या जरा आखूड झाल्या आहेत, पण त्यामुळे चपळ दिसतात. थंडी कडक. बार्बच्या अंगावर पांढरे बारीक ठिपके आले. शोभून दिसतात.

२९ जानेवारी
शिवांजलीने मासे द्यायला नकार दिला. शब्दशः : "काका, मी मासे मारायला विकत नाही. ते ठिपके म्हणजे रोग आहे. रोज सगळं पाणी बदलू नका, एवढं खायला घालू नका, हीटर लावा आणि पंधरा दिवस टाकीला हात लावू नका."
दुकानदारानं गिऱ्हाईकाशी असं बोलायचं? मी थेट साताऱ्याला गेलो. तिथला माणूस एक शब्द बोलला नाही, पिशवीत भरून दिले. याला म्हणतात सर्व्हिस.

९ फेब्रुवारी, रविवार
फोटो. बारा. मायाने लिहिलं, "झ्याक!" सहा दिवसांत सवा महिना पुरा होतो, म्हणून पडदे धुतले. डाळीचे डबे पुसून ठेवले.

११ फेब्रुवारी
मायाचा फोन. म्हणाली, "मला वाटलं हुतं तुमी उपाशी मराल. पर तुमचं तर बारा जीव झ्याक चाललंय की. मला आता घोर न्हाई. पाडव्यापतोर ऱ्हाते मग, पोरीला बी बरं."
मी म्हणालो, बेशक.

१२ फेब्रुवारी
बेशक असं का म्हणालो, हा प्रश्न निरर्थक आहे. शब्द योग्य होता. पाडवा मार्चच्या शेवटी. सत्तेचाळीस दिवस. काही कठीण नाही.
पडदे पुन्हा धुतले.

१६ फेब्रुवारी, रविवार
फोटो. सोनमचा मेसेज : "आबा, ह्या एंजलला मागच्या रविवारी शेपूट नव्हतं ना?"
उत्तर दिलं : वाढतं.

१९ फेब्रुवारी
हीटर आणून लावला. शिवांजलीच्या सांगण्यावरून नाही, माझा स्वतःचा विचार.
उरलेत दोनच बार्ब. एक दुसऱ्याच्या मागे लागलाय. मी दिवसभर खुर्ची टाकून मधे बोट नाचवत बसलो. त्यांच्याशी बोललोही थोडं.

२१ फेब्रुवारी
दोन्ही गेले. परसात पेरूखाली पुरले. जोतीराम टोपी काढून उभा राहिला, त्याबद्दल त्याचे आभार. निघताना म्हणाला, "वहिनींला बोलवून घे की." मी म्हणालो, काय गरज?

२३ फेब्रुवारी, रविवार
टाकीत फक्त पाणी. साताऱ्याचं दुकान बंद होतं. ग्रुपवर जुना फोटो टाकला.
पाच मिनिटांत उदयसिंहचा मेसेज : "आबा, मागं भिंतीवरच्या कॅलेंडरात जानेवारी दिसतोय."
लिहिलं, पान उलटायचं राहिलं. मग मोबाईल बंद केला.

२४ फेब्रुवारी, सकाळी ११
मोबाईल चालू करून मीच मायाला फोन लावला. सांगितलं, सगळे मेले. बारा नाही, एकूण एकेचाळीस. तू ये.
ती म्हणाली, "मला ठाव हुतं. आवं, दर रविवारी माशांची तोंडं बदलत्यात, मला काय दिसत न्हाई व्हय? पर मासं मेलं म्हणून मी यायचं? बाळ सोडून? दुसरं काय कारण आसंल तर सांगा."
दुसरं कारण नाही, असं म्हणायला तोंड उघडलं.
पण खरं तेच सांगून बसलो. तुझ्याशिवाय घरात बसवत नाही, जेवण जात नाही, टीव्ही दिवसभर चालू ठेवतो तो कुणीतरी बोलावं म्हणून. लवकर ये. आवाज जरा कापला. नेटवर्क खराब होतं.
पलीकडून उदयसिंहचं खोकणं, सोनमचं "आई गं", आणि विहीणबाईंचा स्पष्ट आवाज, "अगं बाई, असं बोलणारा माणूस हाय व्हय ह्यो!"
फोन स्पीकरवर होता. बाळाला मांडीवर घेऊन सगळे चहा पीत बसले होते.
माया गुरुवारी येते आहे. येईपर्यंत टाकी काढून ठेवा म्हणाली.
काढणार नाही. आणि बोललो ते मागेही घेणार नाही.