एकदा वकील म्हणून उभे राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
कै. शरणबसप्पा बिराजदार विधी महाविद्यालय,
धाराशिव.

विषय : अभिरूप न्यायालयाच्या प्रात्यक्षिकात युक्तिवादाची संधी मिळणेबाबत.

संदर्भ : प्रात्यक्षिक परीक्षेत मला मिळालेला शून्य गुण व त्याबाबत प्रा. व्यंकट डोके सरांशी झालेले तोंडी बोलणे.

अर्जदार : मेहनाज अल्ताफ तांबोळी, विधी तृतीय वर्ष, रा. बेंबळी, ता. जि. धाराशिव.

महोदय,

अभिरूप न्यायालयाच्या तीन वर्षांच्या प्रात्यक्षिकात मला शून्य गुण मिळाला असून 'युक्तिवाद केला नाही' असा शेरा आहे. शेरा खरा आहे. मी युक्तिवाद केलेला नाही. तो का केला नाही, एवढेच नम्रपणे आपल्या निदर्शनास आणू इच्छिते.

पहिल्या वर्षी घटस्फोटाचे प्रकरण होते. भूमिका वाटताना डोके सर म्हणाले, "मेहनाज, तू बायको हो. तुला शोभंल." सरांच्या मनात वाईट काही नव्हते. मी पिंजऱ्यात उभी राहिले, सांगितले तेव्हा रडले. माझ्या बाजूने वर्गमित्र रुद्रेश स्वामी याने युक्तिवाद केला व तो उत्तम केला. दुसऱ्या वर्षी पोटगीचे प्रकरण आले, तेव्हाही मीच बायको. या वेळी बुरखा घालून यावे अशी सूचना होती. मी बुरखा वापरत नाही, आमच्या घरातही कोणी वापरत नाही. मामीचा मागून आणला आणि पिशवीत घालून एसटीने आणला. आई म्हणाली, "कालेज में पढाते क्या नाटक बिठाते?" त्यानंतर महाविद्यालयाच्या फाटकावर 'सर्व समाजघटकांना समान संधी' असा फलक लागला, त्यावर माझे बुरख्यातील छायाचित्र आहे. तो अद्याप आहे.

यंदा बेंबळीत कायदेविषयक शिबिर झाले. गाव माझे असल्याने मी मंचावर बसून सल्ला द्यावा असे मला वाटत होते. परंतु लोक कमी जमले, म्हणून सरांनी मला समोर लाभार्थ्यांच्या रांगेत बसवले. शेजारी आमच्या गल्लीतील बिस्मिल्लाबी बसल्या होत्या. त्या विधवा आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्या हळू आवाजात मला म्हणाल्या, "बेटा, बेटी के घर परंडे को गई थी. वापस आई तो आयुब ने ताला बदल दिया. मेरा कुरानशरीफ भी अंदरच है." आयुब हा त्यांच्या दिराचा मुलगा. मंचावरून रुद्रेशने त्यांना विचारले, "आपली तक्रार मालकी हक्काची की ताब्याची?" बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे म्हणणे सांगायला मी उठले. सर म्हणाले, "तू खाली बस. आज तू लाभार्थी आहेस." मी बसले. बिस्मिल्लाबींना एक पुस्तिका देण्यात आली. त्यांना वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा कार्यालयात घेऊन गेले व अर्ज लिहून दिला. नोटीस निघाली, आयुब समझोत्याला आला. तो म्हणाला, "चाची के बाद घर मेरेकूच मिलनेवाला है." मी म्हणाले, "बाद में मिलेगा. चाची अभी जिंदा है." त्याने किल्ली टेबलावर ठेवली. हा माझा आजवरचा एकमेव युक्तिवाद होय. तो महाविद्यालयाबाहेर झाल्याने गुणांस पात्र नाही, याची मला जाणीव आहे.

पुढे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात बातमी आली की, शिबिरामुळे पतीने घराबाहेर काढलेल्या महिलेला घर परत मिळाले. सोबत लाभार्थ्यांच्या रांगेतले छायाचित्र माझे आहे. माझे लग्न झालेले नाही. गेल्या महिन्यात कळंबहून स्थळ आले होते. त्यांनी चहा घेतला आणि मुलीचा पहिला संसार का मोडला, असे अब्बांना विचारले. अब्बांनी समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आले नाहीत. मला याचा राग आला असे म्हणता येत नाही. काही वाटायला हवे होते, ते वाटले नाही, म्हणून येथे नमूद करीत आहे.

गुणांबाबत विचारले असता डोके सर म्हणाले, "तू पक्षकार होतीस. पक्षकाराला गुण देण्याची तरतूद न्हाय." तरतूद मी पाहिली, सरांचे म्हणणे बरोबर आहे. या विषयात अनुत्तीर्ण राहिल्यास मला वकिलीची सनद मिळणार नाही.

तरी विनंती की, सहानुभूतीचे गुण देऊ नयेत. प्रात्यक्षिक पुन्हा घ्यावे व मला वकील म्हणून उभे करावे. प्रकरण बांधाचे, विम्याचे, अपघाताचे, कोणतेही चालेल. बाजू कोणतीही चालेल. पक्षकार मिळणार नाही अशी अडचण सरांनी सांगितली होती. रुद्रेश पक्षकार व्हायला तयार आहे. पिंजऱ्यात गप्प उभे राहावे लागेल, हे मी त्याला सांगितले आहे.

निकाल माझ्या विरोधात गेला तरी माझी तक्रार असणार नाही. मी बोलल्यानंतर तो लागावा, एवढेच मागणे आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली विद्यार्थिनी,
(सही)
मेहनाज अल्ताफ तांबोळी

स्थळ : बेंबळी
दिनांक : १८ मार्च २०२५

सोबत : रुद्रेश वीरप्पा स्वामी याचे पक्षकार म्हणून संमतीपत्र.