दुपट्यातलं वाघूळ

१९ मार्च २०२३, रविवार

भर दुपारी सुतळी बॉम्ब! आधी वाटलं, कुणाची वरात आली. बाहेर येऊन बघते तर सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या वडावरची सगळी वटवाघळं उठलेली. उन्हात बावरून गरगर फिरली आणि मांजरी गावच्या उसावरून दिसेनाशी झाली. झाड रिकामं. इतकं रिकामं की ओळखीचं वाटेना.

बॉम्ब लावणारा कोण, तर आमचा चेअरमन श्रीनिवास! नारायण पेठेतल्या त्याच्या घरी मी त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय. तेव्हाही आवाज मोठाच होता. म्हणतो, "मावशी, गाड्यांवर घाण, वर रोग. गेली एकदाची!"

वडाखाली गेले. मुळांच्या बेचक्यात एक पिल्लू. आईच्या पोटाला बिलगलेलं असणार; ती दचकून उडाली, ह्याची पकड सुटली. मुठीएवढा जीव, डोळे टकटकीत. पदरात घेऊन आले.

संपत म्हणाला, "आई, आता हे काय?"

काय म्हणजे काय! बाळ आहे.

२० मार्च

संपत रागावतो, पण फोन त्यानेच लावला. प्राणी वाचवणाऱ्या संस्थेतली डॉक्टर आली — नीरजा. पिल्लाला बघून हसली, माझी कामगिरी बघून कपाळाला हात लावला. मी काय केलं होतं — कोमट तेल चोळलं, सुपात मऊ दुपटं अंथरलं आणि छान उताणं निजवलं. चाळीस वर्षं लोकांची बाळं न्हाऊमाखू घातली, दुसरं काय सुचणार! किरकिर काही थांबेना.

"आजी, तेल नको हो, अंगावरचे केस चिकटले की गारठतं. आणि उताणं नाही. उलटं! डोकं खाली."

म्हटलं, असं कसं कुणी झोपेल? तिने पाय स्वैपाकघरातल्या कपड्यांच्या दोरीला लावून दिले. लगेच गाढ! मला हसूच आलं. दुपटं गुंडाळायची पद्धत मात्र तिने माझीच उचलली.

संस्थेत जागा नाही, ह्या दिवसांत पिल्लं फार येतात. मी सांभाळायचं, ती येऊन बघणार. हातमोजे घालायचे. उघड्या हाताने उचललं म्हणून मला दवाखान्यात नेऊन टोचून आणलं ते वेगळंच.

२२ मार्च, पाडवा

गुढीला गाठी, पिल्लाला बोंडल्याने दूध. मुलगी आहे! नाव ठेवायचं नाही, लळा लागतो, असं नीरजाने बजावलंय. मी कुठे ठेवलंय? नुसतं "बये" म्हणते.

९ एप्रिल

झाड रिकामंच. बयेला सोडायची कुणात? ही एकटी राहायची जात नव्हे. नीरजा सांगत होती — मोठी झाडं रस्त्यांत गेली, तशी वस्ती असलेली शहरात थोडकीच उरली. बाई वर्षाला एकच पिल्लू घालते. एकदा हुसकली की पुन्हा भर यायला किती काळ जावा लागतो! आणि परवापरवापर्यंत कायद्यात ह्यांना उंदरा-घुशींच्या पंगतीला बसवलेलं. आता कुठे संरक्षण मिळालंय.

हे श्रीनिवासच्या कानावर गेलेलं दिसतं. लिफ्टमध्ये म्हणाला, "मावशी, पाहुणीचं आधार कार्ड काढलंत का?"

म्हटलं, "काढायचंय रे. फोटो तेवढा उलटा येतो."

१४ मे

समोरच्या कमरजहांच्या नवऱ्याचा, अय्युबभाईंचा, मंडईत फळांचा गाळा आहे. ते अति पिकलेले चिकू, पपई बयेसाठी बाजूला ठेवतात. बया रस चोखते आणि चोथा थुंकते. आज थेट कमरजहांच्या ओढणीवर! ती म्हणते, "असू दे आजी, माझ्या पोरांनी तर याहून वाईट केलंय."

१८ जून

उडाली!! कपड्यांच्या दोरीवरून तांदळाच्या डब्यापर्यंत. मग डब्यावर आपटली. मला बघून अशी ओरडली, जसा काही डबा मीच मध्ये ठेवला होता.

१६ जुलै

नीरजा घेऊन गेली. शहरातल्या दुसऱ्या एका वडावर वस्ती आहे, त्याखाली पिंजरा लावायचा, ओळख झाली की दार उघडायचं. मी गेले नाही. सासरी जाणाऱ्या लेकीच्या गाडीत आईने बसू नये.

दोरीवर दुपटं तसंच आहे. धुवायला टाकलं नाही.

१७ जुलै

स्वैपाकघर एवढं मोठं होतं का आपलं?

६ ऑगस्ट

नीरजाचा फोन. पिंजरा उघडला. पहिल्यांदा फळ खायला परत येत होती, आता येत नाही. "आजी, हे चांगलं आहे बरं का." माहीत आहे मला.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

श्रीनिवासची लेक सुनीती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा महिना. बॉम्ब फुटला की पोर दचकून पोट धरते. तर चेअरमनसाहेबांनी फाटकावर पाटी लावली — "ह्या आवारात व आसपास फटाके वाजवू नयेत. हौस असल्यास स्वतःच्या दिवाणखान्यात वाजवावेत." संध्याकाळभर स्वतः काठी घेऊन वडाच्या पारावर बसला. एक फटाका नाही!

३ डिसेंबर

आली! शेंड्याच्या फांदीला एक काळी पिशवी लोंबताना दिसली. म्हटलं, वाऱ्याने अडकली असेल. पिशवीने पंख झाडले.

शांतता लेकीसाठी होती. कळली वाघळांना.

७ जानेवारी २०२४

झाड निम्मं भरलं. श्रीनिवास खाली उभा राहून वर बघत होता. मला म्हणाला, "मावशी, आमंत्रण मी दिलेलं नाही, सांगून ठेवतो."

सुनीती मोकळी झाली की त्याचे हातही मोकळे. आणि नेमके तेव्हा वरच्यांचे दिवस भरलेले असणार.

१ फेब्रुवारी

सुनीतीला मुलगा झाला. श्रीनिवास स्वतः दारात. चपला काढून, लहानपणी उभा राहायचा तसा. "मावशी, न्हाऊ घालाल? तुमच्याशिवाय कुणाच्या हातात द्यावंसं वाटत नाही."

अगदी ओठांवर आलं होतं — आधी बॉम्ब न लावायचं वचन दे. नाही बोलले. तान्ह्याच्या आंघोळीला अट घालतात का! गुडघ्यांना म्हटलं, बाबांनो, एवढी खेप निभावून न्या.

११ फेब्रुवारी

पाटावर पाय पसरून बसले, बाळ पायांवर. डाळीचं पीठ, कढत पाणी, सगळं हाताला आठवत होतं. श्रीनिवास पाणी आणून देत होता. त्याच्या हातून तपेलं निसटलं — केवढा आवाज! बाळाने दोन्ही हात फेकले आणि माझं लुगडं मुठीत धरलं.

"असं का करतं हो?"

"आपण पडतोय असं वाटतं त्याला. आई चाचपतं. सापडली की गप्प."

मी काही मनात ठेवून बोलले नव्हते. पण तो तपेलं उचलायचं विसरून तसाच उभा राहिला. निघताना हात धरून मला उठवलं, दारापर्यंत आला. मग हळूच विचारलं, "ते... गेल्या वर्षीचं. वाचलं का?"

"उडून गेली."

"गेली?"

"मुलगी होती रे. जायचीच."

२५ फेब्रुवारी

नीरजा दुर्बीण घेऊन आली. बऱ्याच जणींच्या पोटाशी पिल्लं! मलाही दाखवली. त्यात बया आहे का ते कळेना. सगळ्याच उलट्या, सगळ्याच पंखांत तोंड खुपसून.

पुढच्या रविवारी श्रीनिवासच्या नातवाचं थाटात बारसं आहे. त्याच्या मेहुण्याने बॉम्बचा खोका आणलाय. जिन्यात बघितला.

३ मार्च, रविवार

मेहुणा सकाळीच खोका पुन्हा गाडीत टाकताना दिसला, तोंड फुगवून. खाली गेले. वडाजवळच्या भिंतीवर नवी पाटी. रंग अजून ओला. अक्षर श्रीनिवासचं —

"येथे बाळंतिणी राहतात. आवाज करू नये. कोणत्या मजल्यावर, असे विचारू नये. वर पाहावे."