पाठांतर आणि रक्ततपासणी

मंगळवार, संध्याकाळ. मनवेलपाडा.

विस्मरणाच्या तपासणीत आज पैकीच्या पैकी गुण. डॉक्टर दर वेळी वार, महिना, त्याच पाच वस्तूंची नावं विचारतात, हे मागच्या खेपेला कळलं होतं. मग आठवडाभर गॅलरीत बसून सगळं पाठ केलं. चालीवर, शाळेत कविता म्हणायचो तसं.

नातीला, मुग्धाला, ऐटीत सांगितलं. ती प्रयोगशाळेत असते.

"आबा, ही तर चक्क कॉपी!"

"कॉपी कसली? पाठांतर."

"मग आता रक्त द्या. त्याला चाल लावता येत नाही."

मेंदूतलं एक प्रथिन बिघडू लागलं की रक्तात त्याची खूण दिसते म्हणे. औषधही त्याच प्रथिनावर शोधताहेत.

"सापडलं?"

"अजून नाही."

मग कळून करायचं काय? दुपारभर हाच प्रश्न. भीती वाटते का? थोडी असावी. चाल मात्र अजून डोक्यात घोळतेय.

परवा मुग्धाला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. सूनबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली. पोरीने मला दुरुस्त केलं नाही, मुकाट्याने ओ दिली. हे मी डॉक्टरांना सांगितलंच नाही.

आत्ताच तिला सांगून आलो, उद्या सकाळी रक्त देतो.