डुकराच्या पारधीस योग्य महिना

रुमैथिया, कुवेत
शुक्रवार, दि. १२ जून १९९८

कै. सौ. मालन केशव परुळेकर हिस केशव रामचंद्र परुळेकर याचे अनेक आशीर्वाद.

(तुला पूर्ण नावाने संबोधण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली तुझा इकामा, म्हणजे येथील वास्तव्याचा परवाना, रद्द करण्याच्या अर्जावर आली. तेथे ‘देश कायमचा सोडला आहे काय’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिले, तेव्हा खिडकीपलीकडील गृहस्थाने कोणत्या विमानाने, असे विचारले. असो.) पत्रारंभी प्रकृतीची विचारपूस करण्याचा प्रघात आहे, तुझ्या बाबतीत तो पाळणे तर्काला धरून होणार नाही. माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब तुझ्या वेळचाच आहे.

पत्रास कारण रानडुक्कर. तुझे बंधू शरद (ज्यांच्या बुद्धीविषयी तुझ्या हयातीत मी मौन पाळले, ते आता पाळण्याचे कारण उरले नाही) गेल्या कार्तिकापासून चार पत्रांतून कळवीत आहेत की घरामागच्या परड्यातले तुझे कणगरांचे वाफे रानडुकरांनी दोनदा उकरून कंद खाल्ले. पहिल्या पत्रात डुक्कर एक होते व कुत्र्याएवढे होते. चौथ्यात त्यांचा कळप झाला असून म्होरक्या रेड्याएवढा आहे. पारध केली नाही, तर कणगराचे बियाणेसुद्धा शिल्लक राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मात्र जमीन तुझ्या नावची, ती आता माझ्या नावावर झालेली; आणि गावऱ्हाटीप्रमाणे जमिनीच्या धन्याने स्वतः देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातल्याशिवाय एकही बंदूकवाला रानात पाय घालणार नाही. (वनखात्याचा परवानाही लागतो, हे मी प्रत्येक उत्तरात लिहिले. त्यावर शरद मौन पाळतात.) सबब मी केव्हा येतो, एवढेच त्यांना हवे आहे. तुझे तेरावे आटोपून चौदाव्या दिवशी मी इकडे परतलो, त्याला सोळा महिने झाले.

पारधीस वर्षातला उत्तम काळ कोणता, हा प्रश्न मी शुक्रवारच्या मंडळींपुढे ठेवला, ही माझी पहिली चूक. तू घावणे खाऊ घालून बिघडवून ठेवलेली ही माणसे तू गेल्यावरही दर शुक्रवारी येतात. फरक इतकाच की आता येताना डबा आणतात आणि मी जेवल्याशिवाय उठत नाहीत. (हा आगंतुकपणा आहे. मी दोनदा तसे सूचित केले. दुसऱ्या वेळी त्यांनी माशाची कढी आणली.) महादेव, आमच्याकडचा फिटरांचा फोरमन, याने खुर्चीत मांडी घालून निकाल दिला, “काका, पुसात जावया. भातां कापून झालेली असतत, डुकराक लपाक जागा ऱ्हवणा नाय.” हे ऐकण्यास शास्त्रीय वाटते. अधिक चौकशीअंती निष्पन्न झाले की पौषात त्याच्या गावची जत्रा असते व दशावतारात त्याचा धाकटा भाऊ राजा होतो. मुकेश वेल्डर याचा आग्रह वैशाखाचा. वैशाखात पाणी आटते आणि डुक्कर झऱ्यावर आल्यावाचून राहत नाही, हे त्याने इतक्या गांभीर्याने सांगितले की मी वहीत टिपून घेतले. पुढे समजले की त्याच्या मेहुणीचे लग्न वैशाखात आहे. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा प्रज्वल गणपतीचे दिवस सुचवितो, कारण तेव्हा सारा गाव घरी असतो व हाकाऱ्यांना तोटा नसतो. त्या दिवसांत गावात कोणी मांस शिवत नाही, मग डुकराचे वाटे कोणाच्या दारात नेऊन ठेवणार, असे मी विचारले. त्याने किंचित विचार करून डुक्कर विसर्जनापर्यंत राखून ठेवावे, अशी सूचना केली. अशा बुद्धिमत्तेच्या हाती या देशाचा थंडावा आहे.

या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी मी बारा महिन्यांचा तक्ता तयार केला. रानाची दाटी, पिकाची अवस्था, बंदुकीची दारू कोरडी राहण्याची शक्यता, उपासतापास, देवकार्ये, असे रकाने आखले आणि एकेक महिना तपासला. कार्तिकात गवत पुरुषभर वाढलेले. मार्गशीर्षात गुरुवार. फाल्गुनात शिमग्याचे ढोल इतके वाजतात की बहिरे डुक्करही गाव सोडील. ज्येष्ठ-आषाढाचा तर विचारसुद्धा नको: रान माजलेले, दारू भिजलेली, हाकारे आपापल्या चिखलात गुडघाभर. जूनमध्ये कोकणात पारधीस जाणारा मनुष्य डुकराहून अल्पबुद्धी समजावा. अशा रीतीने बारापैकी बारा महिने बाद ठरले. तक्त्यात एकही दोष नव्हता.

दुसरी चूक अशी की रजेच्या अर्जाला आधार म्हणून मी तो तक्ता इंग्रजी भाषांतरासह जोडला. (कारणाच्या रकान्यात मी नेहमी खरे कारण लिहितो. ‘घरगुती काम’ असे लिहून कामचुकार लोक रजा घेतात.) ज्या देशात डुक्कर औषधालाही मिळत नाही, तेथे आमच्या मीना अल-अहमदी तेलशुद्धीकरण कारखान्याच्या एका सभ्य अधिकाऱ्याच्या मेजावर ‘रानडुकराची शिकार’ या शीर्षकाचा बारा महिन्यांचा कागद जाऊन पडला. त्यांनी मला बोलावले, वेलचीची कॉफी पाजली आणि मी ते खाणार आहे काय, असे अत्यंत हळुवारपणे विचारले. मी फक्त मासे खातो, असे सांगताच त्यांच्या चेहऱ्यावरील ताण गेला. पुढे अर्धा तास त्यांनी मला ससाणे कसे शिकवतात आणि हिवाळ्याखेरीज शिकारीला जाणे हा कसा गावंढळपणा आहे, ते सांगितले. तेथवर सारे ठीक होते. परंतु निघताना त्यांनी माझी फाइल उघडून मजपुढे धरली. तीत गेल्या सोळा महिन्यांतील माझे रजेचे याआधीचे चार अर्ज होते. चारही मंजूर झालेले. चारही मी स्वतः मागे घेतलेले. फाइल मिटून त्यांनी आणखी कॉफी ओतली. इतक्या मोठ्या हुद्द्यावरील माणसाने कनिष्ठाच्या फाइलीत एवढे लक्ष घालणे मला प्रशस्त वाटले नाही.

हा प्रकार मी पुढल्या शुक्रवारी मंडळींना सांगितला, ती तिसरी चूक. त्या दिवशी आपला बकालावाला (खालचा किराणा दुकानदार) जाफर पुदिना द्यायला वर आला होता व बसला. रत्नागिरीकडील त्याच्या वडिलांकडे ठासणीची परवान्याची बंदूक होती. त्यांनी उभ्या जन्मात डुकराचा घास घेतला नाही, पण भातशेतीपायी पाडलेली डुकरे मात्र शेजारच्या वाडीला देऊन टाकली. म्हणजे शिकारीतले ज्याला काही कळत होते, तोच एक गृहस्थ आजवर या सभेबाहेर होता. महादेव पौषावर आला, मुकेश वैशाखावर गेला, प्रज्वलने या खेपेस दसरा काढला. मी तक्ता उलगडून तिघांनाही खोडून काढले. जाफरने तो कागद हाती घेऊन शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात ठेवला.

“काका, डुक्कर तिथं बारा महिने आहे,” तो म्हणाला. “तुम्ही कधी जाणार ते सांगा.”

हा प्रश्न मला उद्धटपणाचा वाटला. चहा निवत असल्याचे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर महादेवाने उठून सर्वांच्या कपबश्या विसळल्या, जे काम त्याला कोणी सांगितले नव्हते.

तात्पर्य, या प्रश्नावर येथे किंवा गावी एकाही माणसाचे मत ग्राह्य धरण्याजोगे नाही. थोरांना नमस्कार कळविण्याची प्रथा आहे. तिकडे आता माझी बरीच थोर मंडळी जमली आहेत, त्यांना कळविणे.

तुझा,
केशव रामचंद्र परुळेकर

ता. क. – वर पारधीविषयी जे अधिकारवाणीने लिहिले, त्याला अनुभवाचा आधार एकच आहे: लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी हाकारा उठताच मी फणसावर चढलो होतो व डुक्कर आले नाही हे कळल्यावरही उतरलो नव्हतो. हे तू कोणास सांगितले नाहीस, याबद्दल आभार मानायचे राहून गेले.

दुसरा ता. क. – पाचवा रजेचा अर्जही मागे घेतला. राजीनामा दिला, तो आज संध्याकाळपासून अमलात येतो. महिना जून आहे, याची जाणीव आहे. पारध नको, असे शरद यांना कळविले. परड्याला काटेरी वईचे कुंपण घालून घेईन. देवळात नारळ ठेवीन, गाऱ्हाणे दुसरे असेल.

तिसरा ता. क. – मूळ विचारायचे ते असे. रजेवर गावी गेल्यावर मृग लागला की तू कणगर लावायचीस, तेव्हा मी ओसरीवर बसून जुनी वर्तमानपत्रे वाचत असे. त्यामुळे ते वीतभर खोल लावायचे की चार बोटे, हे मी पाहिले नाही. शरद यांना विचारणार नाही. गतवर्षी त्यांनी कोंब खाली करून लावले. तुला कळविणे शक्य नाही, हे समजते. तरी निम्मे वीतभर लावीन व निम्मे चार बोटे. जे उगवतील, ते तुझे उत्तर धरीन.

चौथा ता. क. – दुपारी साडेतीन वाजता घराचे दार कुलूपबंद केले. माझी व तुझी, अशा दोन्ही किल्ल्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, परत केल्या.