तिसऱ्या मजल्यावरची शेवटची पँट

तीर्थस्वरूप दाजींना,

तिसऱ्या मजल्यावरून वाकून नमस्कार. (खाली येऊन केला असता, पण सरकता जिना बंद आहे आणि माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत.) तुमचं बीपी, ताईची पाठ आणि त्या हरवलेल्या राखाडी पँटीवरून तुम्हा दोघांत अधूनमधून पेटणारं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी ठणठणीत आहे. मॉलचं मात्र काही खरं नाही.

तो उघडला तो दिवस आठवतो ना? सरकता जिना बघायला सगळं गाव लोटलं होतं. ताईनं घाबरून चपला हातात घेतल्या, आणि तुम्ही चारदा वर-खाली करून पाचव्यांदा लोकांनाच दटावलंत, की उगाच गर्दी करू नका. मग बाजारातल्या शिंप्यांचे धंदे एकेक करून बसले आणि मी इथल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात पँटी आखूड करायच्या टेबलावर लागलो. बावीस वर्षं झाली. आता बूटवाले गेले, खेळणीवाले गेले, खाण्याचा अख्खा मजला गेला. आमच्या दुकानात मी आणि अकरा उघडे पुतळे उरलोय. (त्यांची काही तक्रार नाही.)

गेल्या महिन्यात मॅनेजरसाहेबांनी नोटीस लावली. माणूस भला, पण लिहायची भारी घाई. त्यांनी लिहिलं, ग्राहकांचा शेवटचा कपडा परत दिल्यावर शिवणकाम विभाग बंद होईल. खाली सही, शिक्का. म्हटलं, घ्या! माझ्याकडे पावती लावलेल्या, कुणी न नेलेल्या सदतीस पँटी होत्या. मी शांतपणे मशीनला तेल घातलं. चूक उमगल्यावर साहेब स्वतः स्कूटरवरून पँटी घरपोच द्यायला लागले. एका गृहस्थांची पँट आता त्यांच्या नातवाला बसते, तर साहेबांनी नातवाची सही आणली. मी अडवलं नाही. गिऱ्हाइकाची वस्तू गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे, या मताचा मी आहे.

पण मी हलणार नाही. लोक म्हणतात, आता सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं की! आणि मग तीच पँट काखेत मारून माझ्याकडे येतात, कारण मोबाइलला कंबर मोजता येत नाही. काल पाचजण तीन मजले चढून, धापा टाकत आले आणि उभ्या उभ्या पँटी आखूड करून घेऊन गेले. साहेब म्हणाले, "मास्तर, हेच काम घरी बसून करा की." घरी! घरी बसलो की मी म्हातारा, इथे बसलो की मास्तर. त्यांनी वीज तोडली तर खिडकीशी बसेन. खिडकीला फळ्या ठोकल्या तर मशीन गच्चीवर चढवीन. मला ही जागा आवडते, दाजी, आणि तिनं काही मला अजून जा म्हटलेलं नाही.

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा हट्टी मेहुणा

ता. क. छत्तीस पँटी गेल्या.

ता. क. दुसरा : सदतिसावी राखाडी आहे. नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच दोन इंच आखूड करायला टाकून विसरलात. पावतीवर तुमचीच सही आहे. साहेब रविवारी घेऊन येतील. दार उघडू नका. उघडलंच, तर घालून दाखवा आणि कंबरेला घट्ट होते म्हणून परत पाठवा. (त्यात खोटं बोलावं लागणार नाही.)

ता. क. तिसरा : ताईनं ती कुणाला देऊन टाकली नव्हती. तिची माफी मागा. पँट मागू नका.