चतुराबाईंचे दोनशे चाळीस दिवस

१४ ऑगस्ट १९९०, मंगळवार. सकाळी ९.०५
नवी वही. दोनशे पानं. सगळ्या पानांवर शाईने क्रमांक टाकले. पानं फाडायची सवय लागली की माणूस स्वतःशी खोटं बोलू लागतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही.

पोखर्णी रोडवरच्या या बियाणे केंद्रात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून रुजू होऊन दोन महिने झाले. अधीक्षक माणिकराव साहेबांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सत्यशीला, पुढं काय?" म्हणजे आडनाव. मी डिप्लोमाची टक्केवारी सांगितली.

कॉम्प्युटर रूमचे नियम दारावर लावले. चपला बाहेर. तंबाखू बाहेर. कशालाही हात लावू नये.

११.४० : शेतावरच्या रोजंदार चतुराबाई हजेरी लागली का विचारायला चिखलाच्या पायांनी थेट आत. फरशीवर सात ठसे. मी म्हटलं, मावशी, शिवू नका. त्या उंबऱ्यावर गेल्या. "आमच्या सासऱ्याला पाणवठ्यावर असंच म्हनायचे, लेकरा. तू आपली म्हनून आत आले मी." मी सांगितलं, हा धुळीचा प्रश्न आहे, शास्त्रीय आहे. त्या म्हणाल्या, "तवाबी शास्त्रच सांगायचे."
त्यांचा गैरसमज झाला आहे. फरशी फिनेलने दोनदा पुसून घेतली.

२८ सप्टेंबर, शुक्रवार. खंडेनवमी
किळस. शिपाई सटवाजीने अवजारांच्या पूजेत कॉम्प्युटरही धरला. कीबोर्डवर हळद. बॅकअपच्या तिन्ही फ्लॉप्यांना ओल्या बोटाने कुंकू. नारळाचं पाणी प्रिंटरपासून चार इंचांवर. मी विचारलं, कोणाला विचारून? सटवाजी म्हणाला, "ट्रॅक्टरला लावताव तवा कुनाला इचारताव का बाई?"
चतुराबाई दारात खोबऱ्यासाठी उभ्या. आमच्यात पूजा नसते हे मी हळूच सुचवलं. म्हणाल्या, "पूजा सोडली, खोबऱ्यानं काय केलंय?" खोबरं चघळत बोलतात. कण उडतात.

१.१५ : फ्लॉप्या स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ केल्या, आतली तपकिरी चकतीसुद्धा. मॅन्युअलमध्ये ड्राइव्हचं हेड स्पिरिटने पुसावं असं आहे. हेड चकतीलाच टेकतं. मग चकतीलाही चालणार.

६ ऑक्टोबर, शनिवार
साप्ताहिक बॅकअप घेतला. एरर आला. इग्नोर दाबलं, पुढे गेला. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. एकूण एकवीस वेळा. मशीनचे लाड करू नयेत.

२४ ऑक्टोबर, बुधवार
दिवाळीत पुण्याच्या प्रदर्शनात एका स्टॉलवर फुकट मिळालेली फ्लॉपी आज लावली. परदेशी कंपनी. "सिस्टिम्स ॲनालिस्ट होण्यास आपण पात्र आहात का?" चाळीस प्रश्न. बाहेरची फ्लॉपी लावू नये हा नियम माझाच आहे, पण तो न कळणाऱ्यांसाठी आहे.
सुरुवातीला प्रिंटर चालू करायला सांगितलं. लायसन्सची दोन पानं छापून आली. बारीक इंग्रजी. फाइलला लावली. असले कागद सगळे सारखेच असतात.
गुण : ९४.
या जागेत मी फार दिवस राहणार नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार
साहेब प्रत्येक पाहुण्याला कॉम्प्युटर "चालू करून" दाखवतात. चालू असला तर आधी बंद करायला लावतात. आज मानवतचे दोन व्यापारी, जिंतूरचा एक सरपंच आणि साहेबांची मेहुणी. शिवाय लाइट दोनदा गेली. लॉगबुकप्रमाणे पूजेच्या आठवड्यापासून आतापर्यंत मशीन किती वेळा सुरू झालं याचा हिशेब माझ्याकडे आहे. असा हिशेब दुसरं कोणी ठेवत नसेल.

४.२० : चतुराबाई खिडकीतून, "माझे किती दिस भरले गं?" वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले तर कायम होण्याच्या यादीत नाव येतं. अकरा वर्षांत अशी यादी पहिल्यांदाच निघते आहे. पडताळणी पंधरा जानेवारीला, कामगार कार्यालयात. मी सांगितलं, दोनशे सतरा. दीड महिना बाकी आहे, चिंता नको, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. "मंजी कुठं?" मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी काचेला तळवा लावून पाहिलं. काचेवर पाच बोटं उमटली, चिखलाची. पुसवत नव्हतं इतकी घाण.

१८ डिसेंबर, मंगळवार
गंमत म्हणून सटवाजीला चाळीस प्रश्न विचारले, त्याची उत्तरं मी भरली. निम्म्या प्रश्नांना तो "तुमीच बगा" म्हणाला. गुण : ९४.
प्रोग्राम सटवाजीला ओळखत नाही.

१ जानेवारी १९९१, मंगळवार
संकल्प : या वर्षी कागद नाही.
वर्षभराच्या हजेरीची बावन्न पानं, आठवड्याला एक, प्रत्येकावर भरलेले दिवस आणि त्यांपुढे पन्नास बायकांचे अंगठे. काळे, घामट, एकमेकांत मिसळलेले. सगळं टाइप करून झालं आहे. चतुराबाई डिसेंबरअखेर : २५१. सटवाजीला पानं रद्दीत द्यायला सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, "सगळीच?" मी म्हटलं, सगळीच. कपाट फिनेलने पुसलं. आता ही खोली खरी स्वच्छ झाली.

४ जानेवारी, शुक्रवार. १०.१२
मशीन सुरू केलं. लाल पडदा. लायसन्सची मुदत संपली, अमुक डॉलरचा ड्राफ्ट पनामा देशातल्या पोस्ट बॉक्सवर पाठवा, तोवर आपल्या फाइली सुरक्षित ठेवल्या आहेत.
सुरक्षित! डिरेक्टरी उघडली. एकाही फाइलचं नाव वाचता येत नाही. नावांच्या जागी अक्षरांची चिवडलेली ओळ. हजेरीच्या जागीही तेच.
कारण उघड आहे. हळद.

५ जानेवारी, शनिवार
लायसन्सची पानं वाचली. दुसऱ्या पानावर तळाशी स्वच्छ लिहिलं आहे : पैसे भरले नाहीत तर हा प्रोग्राम इतर प्रोग्राम बंद पाडेल. ते माझ्याच फाइलमध्ये, माझ्याच पंचने भोक पाडून लावलं होतं.
लॉगबुक तपासलं. फ्लॉपी लावल्यापासून मशीन काल नव्वदाव्यांदा सुरू झालं. तो आत बसून मोजत होता. रोज माझ्यासमोर, माझ्यासारखाच, एकही आकडा न चुकवता. नव्वद भरेपर्यंत एक शब्द नाही. मग प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि कुठलं अक्षर कुठे गेलं ते त्यालाच ठाऊक. खरकट्या हाताने कोणी आपल्या कपाटातल्या घड्या उलगडून पाहिल्यासारखं वाटलं. दोनदा हात धुतले.
साहेबांना इतकंच सांगितलं, तांत्रिक बिघाड. ते म्हणाले, "पनामा? सिगारेट ना ती?"
बॅकअप आहे. काळजीचं कारण नाही.

७ जानेवारी, सोमवार
बॅकअप वाचला जात नाही. तिन्ही फ्लॉप्या. इग्नोर दाबलं. काहीच उरलं नव्हतं, तेही इग्नोर झालं.
नवा बेत : ही लिपी मीच सोडवते. अक्षरांची अदलाबदल म्हणजे गणित आहे. बुधवारपर्यंत.

९ जानेवारी, बुधवार
तीन फाइलींची नावं सुटली. नंतरच्या प्रयोगात त्या तीन फाइली पुसल्या गेल्या. प्रयोगात असं होतं. एकीचं नाव HAJERI होतं.
चतुराबाई दारात. आज आत आल्या नाहीत. मी खरं सांगितलं, म्हणजे बराचसा भाग. त्या खाली बसल्या. "पंधराला साहेबांम्होरं काय दावू मी? माझा अंगठा कुठं गेला?" मला उत्तर येत होतं. रद्दीत.

१० जानेवारी, गुरुवार
सटवाजीने बस स्टँडवरून भजी आणली. पुडी उलगडली आणि तेलातून पन्नास अंगठे दिसले. मार्चचा दुसरा आठवडा.
स्टँडवर गेलो. मी, सटवाजी, चतुराबाई. गाडीवाला म्हणाला, "कागद इकत न्हाई बाई, भजे इकतो." सतरा पुड्या घेतल्या. बाकीची पानं आधीच गेलेली : गटारात, बाकांखाली, सीटच्या फटीत. चतुराबाईंनी एक पान गायीच्या तोंडातून ओढलं. गाय सोडेना, त्याही सोडेनात. मी उकिरड्यात हात घातला. कोपरापर्यंत.
संध्याकाळी तीन भजी खाल्ली. टाकून देणं योग्य नव्हतं.

१४ जानेवारी, सोमवार
एकोणपन्नास पानं. माझ्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून वाळवली. तेलामुळे पाठचे अंगठे पुढे दिसतात, म्हणून चतुराबाईंनी स्वतःचे निवडून दिले. "ह्यो माझा. हितं इळा लागलाय बग." आडवा व्रण. पन्नासांत एकटाच. मी इतके दिवस सगळे सारखेच समजत होते.
एकूण दिवस : २३७.
हरवलेली तीन पानं : ऑगस्टमधलं एक, सप्टेंबरअखेरचं एक, नोव्हेंबरमधलं एक.
साहेब म्हणाले, "तीन दिवसांनी काय होतंय? पुढच्या यादीत बघू." पुढची यादी अकरा वर्षांनी.

६.५० : त्या तीन आठवड्यांत चतुराबाई कामावर होत्या याचा पुरावा आहे. तारीख, वेळ, ठशांची संख्या. पान १, ५ आणि ११. खंडेनवमीचं खोबरं धरून बरोबर तीन दिवस.
उद्या तीन पानांची झेरॉक्स द्यावी. बाकीची वही कोणाच्या कामाची नाही. योजना निर्दोष आहे.

१५ जानेवारी, मंगळवार. दुपारी १२.३०. कामगार कार्यालय, बाहेरचा बाक
झेरॉक्स चालत नाही. अधिकारी म्हणाले, मूळ वही, अखंड. मग पहिलं पान पाहून खूश झाले, "पानांवर क्रमांक घातलेत, हे उत्तम केलंत बाई. एक पान जरी नसतं तरी मानलं नसतं."
आता साहेबही वाचतील. ९४ गुण. इग्नोर एकवीस वेळा. बाहेरची फ्लॉपी कोणी लावली.
चतुराबाई शेजारी बसल्या आहेत. काय लिव्हलंस गं माझ्याबद्दल, म्हणून विचारत होत्या. वाचून दाखवलं, सात ठशांपासून काचेपर्यंत, एकही शब्द न गाळता. वऱ्हांड्यातली सगळी माणसं ऐकत होती. त्या म्हणाल्या, "सातच? लय कमी मोजलेस, लेकरा." आणि पुढे, "पन मोजलेस, हे बरं केलंस."
कारकुनाने पावती आधीच लिहून ठेवली आहे. वाचली. अक्षर बरं आहे. आक्षेप घेण्यासारखं काही नाही.
"खाजगी वही, नग एक. मळकी, तेलाचे डाग पडलेली."