सेक्टर सहाचे टोंगळे

॥ श्री ॥
सेक्टर ६, भिलाई
३ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षास मथुरामावशीचे आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. आत चार पट्टे, चिकट चकत्यांची दोन पाकिटं, सही घ्यायचे हिंदी कागद आणि माझ्यासाठी संत्राबर्फी. पोस्टातून आणायला ऑटोचे चाळीस गेले, कारण तुझे काका स्कूटरवर खोकं घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, यंत्र फुटलं तर भाचीचं विद्यापीठ माझी पेन्शन धरेल. बर्फी देवापुढे ठेवली आणि मग झाकली, नाहीतर काका एका बैठकीत उडवतील.

फोनवर तू भरभर बोलतेस, माझं अर्धं सुटतं, म्हणून पत्र. मला समजलं ते असं. टोंगळ्याला, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या गुडघ्याला, कान लावून आतली झीज आधीच ओळखणारं तुझं यंत्र. विभागाने त्याला बीजनिधी दिला, म्हणजे बियाण्यापुरता पैसा. महिना संपायच्या आत पंचवीस बायांचे टोंगळे समितीला ऐकवले तर पुढचा पैसा, नाहीतर यंत्र कपाटात.

भजन मंडळात विषय काढला. सिंधुताईने विचारलं की टोंगळ्याचा आवाज सुनेच्या मोबाइलवर तर नाही जाणार? खुर्सीपारच्या कांताला शंका, की फुकट कावून तपासून राहिले, काही विकायचं असेल. दोघींनाही समजावलं. रविवारी पंचवीस जणी येतील आणि नीट आवरून येतील. तुला मान खाली घालावी लागणार नाही.

प्रकृतीला जप. मावशीची आठवण असू दे.

तुझी,
मथुरामावशी

नागपूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस हर्षाचा सा. न. वि. वि.

पंचवीसच्या पंचवीस आल्या गं, पण एकीचाही टोंगळा बोलला नाही. चकती लावली की सुर्रकन पोटरीवर. अख्ख्या हॉलमध्ये जळक्या लसणाचा वास. माझ्यासोबत आलेला प्रवीण अजून विचारतो, की भिलाईत तपासणी होती की फोडणी. यंत्रात भरला तो नुसता घसरण्याचा आवाज. दोघींनी तर दुखण्याची गोळी घेऊन आल्याचं मला कौतुकाने सांगितलं!

अठ्ठावीसला समितीपुढे उभं राहायचं आहे. विभागप्रमुख म्हणाले की त्यांना ठाऊकच होतं, या वयाच्या बाया घरात कण्हतात आणि डॉक्टर दिसला की हसतात. मी पण हसले, आणि मग जिन्यात जाऊन रडले.

मी रागावले नाही. म्हणजे, थोडी रागावले आहे. काकांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हर्षा

॥ श्री ॥
भिलाई
१४ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

तू जिन्यात रडलीस हे वाचून मला घास गेला नाही. दोष माझा. मीच म्हटलं होतं की नागपूरची पोरगी घरी येऊन राहिली तर घर झाडतो ना, तसे टोंगळेही आवरून या. शनिवारी दुपारपासून अर्ध्या सेक्टरात टोंगळ्यांना चोळायच्या तेलात लसूण जळत होता. पाहुण्यापुढे कोण कुरकुरतं बाई? काका म्हणाले की प्लांटात मोठे साहेब येणार म्हटलं की गळकी मशीनही रंगवून ठेवत, बायांनी तेच केलं.

आता माझं ऐक. मंगळवारी माझ्याकडे सुंदरकांड आहे. तू ये. या वेळी सगळ्यांना नीट सांगितलं आहे की तेल नको, गोळी नको, हर्षीला कुरकुरणारे टोंगळे हवेत. दोन तास मांडी घालून बसल्यावर आमच्या बाया आरतीला उठतात तेव्हा झांजा ऐकू येत नाहीत. पाठ सुरू व्हायच्या आधी चकत्या लावून घेऊ, आणि मग एकेकीला उठवू. बाकीच्या चूप राहतील, ते माझ्याकडे लागलं. कांता तर आत्ताच सांगत फिरते की तिच्याइतका आवाज कोणाचाच नाही.

जेवूनच जायचं आहे. प्रवीणलाही आण, त्याला बिनालसणाचं वाढते.

तुझी,
मावशी

नागपूर
३ मार्च २०२५

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

पुढचा पैसा मिळाला! समितीने पंचवीसही टोंगळे ऐकले. कांतामावशींच्या टोंगळ्याचा आवाज लावला तेव्हा विभागप्रमुख खुर्चीतून पुढे सरकले आणि पुन्हा लावायला सांगितलं. कांतामावशींना एक्स-रे काढायला लवकर पाठव, हे मी त्यांच्याशीही बोलले आहे.

आता अट एकच. ऑगस्टमध्ये याच पंचवीस जणी पुन्हा हव्यात. एकही गळली तर चालणार नाही, आणि ज्यांचा आवाज आला नाही त्या तर हव्याच, नाहीतर कुरकुरीचा अर्थ लावायचा कशावरून? सिंधुताईंना भेट. त्यांचा टोंगळा अगदी विशीतल्या पोरीसारखा निघाला. सुंदरकांडानंतर निघताना त्यांना मी हे सांगितलं, पण त्या खूश दिसल्या नाहीत. कावून?

अशीच पाठीशी राहा.

तुझी,
हर्षा

॥ श्री ॥
भिलाई
७ मार्च २०२५

चि. हर्षास भरभरून आशीर्वाद.

मारुतीला नारळ फोडला, मंडळात पेढे वाटले. कांता सोमवारी एक्स-रेला जाते आहे आणि बसस्टॉपवरही लोकांना सांगते की नागपुरात तिचा टोंगळा दोनदा वाजवला.

पण सिंधुताईचं तू काय करून ठेवलंस बाई! विशीतली पोर म्हणालीस ते तिची सून दामिनी दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशीपासून सिंधुताईची पूजेला बसायची खुर्ची माळ्यावर गेली, वाळवणं गच्चीवर गेली आणि फरशी पुसायची पाळी सिंधुताईवर आली. ती म्हणते यंत्र बहिरं आहे. ऑगस्टमध्ये येणार नाही, आणि तिच्या घराच्या ओळीतल्या सहा जणीही येणार नाहीत. म्हणजे तुझे अठराच राहतात.

मी बर्फी घेऊन गेले. ती म्हणाली माझ्या नावावर एक तरी कट्ट असा आवाज लिहून दे. मी सांगितलं, खोटं लिहिणार नाही, तेलाने एकदा हात पोळले. तेव्हा ती रडकुंडीला येऊन म्हणाली की आवाज नसेल, पण दुखतं तर खरंच. मला ते पटलं. तुझं शास्त्र काय म्हणतं ते तूच जाणे. न वाजणारा टोंगळाही दुखू शकतो हे खरं असेल, तर तेवढं एक वाक्य विभागाच्या कागदावर, शिक्क्यासकट, मोठ्या अक्षरात लिही. हिंदीत लिही, दामिनीला वाचता यावं.

उलट टपालाने पाठव. तोवर सिंधुताई रोज दुपारी माझ्याकडे येऊन खुर्चीवर बसते आहे, आणि चहा मला करावा लागतो आहे.

तुझी,
मथुरामावशी